खाजामियाँचं प्रॉम्टिंग

रेणापूर तालुक्यातल्या त्या गावात दर चैत्री जत्रेला नाटक होतं, आणि नाटकातला एकूण एक डायलॉग दोनदा ऐकू येतो. आधी विंगेतून खाजामियाँच्या तोंडून, मग स्टेजवरच्या नटाच्या तोंडून. गावाला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट ज्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू यायचं ते म्हणायचे, पहिल्यांदा हुकलं तर दुसऱ्यांदा तरी घावतं. पाठांतर नावाची गोष्ट नटांनी कधी केलीच नव्हती. कशाला करतील? दिवसभर रानात मरायचं आणि वर रात्री पुस्तक घेऊन बसायचं? खाजामियाँ हाय की. त्यांनी वाक्य टाकायचं, नटानं उचलायचं, वरून दोन हातवारे करायचे. एवढ्या भांडवलावर मंडळ तीसेक वर्षं चाललं होतं, आणि झोकात चाललं होतं.

खाजामियाँ धंद्यानं शिंपी. गावात एसटी थांबते तिथं त्यांचं दुकान. नाटकाचे कपडे तेच शिवायचे, पण त्याचं त्यांना काही कौतुक नव्हतं. त्यांचा जीव विंगेत. तोंडाला रंग लावायला माणूस लाजायचा, मात्र पाटील, पाटलीण, फौजदार, सगळ्यांची वाक्यं आधी त्यांच्याच तोंडून निघायची. ह्याची त्यांना थोडी गुर्मी होती, आणि का नसावी? त्यांची बायको चांदबी म्हणायची, "साऱ्या गावाच्या तोंडात तुमची जीभ. घरी आलं की मुके."

यंदाच्या जत्रेला लातूरच्या एका संस्थेची शिवांगी म्हणून बाई आली होती. गावोगावची नाटकाची, भजनाची, सोंगांची मंडळं हुडकायची आणि त्यांना हात द्यायचा, हे तिचं काम. तिनं अख्खं नाटक बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर मंडळाला बसवून सरळ सांगितलं. मंडळात दम आहे. वैशाखात लातूरला थिएटरमध्ये प्रयोग करा. तो जमला तर संस्था वर्षभर पाठीशी राहील, शिकवायला माणूस येईल, लाइट येतील, पडदे येतील. फक्त एक करायचं. विंगेतून बोलायचं नाही.

"चाचा, राग मानू नका," ती खाजामियाँना म्हणाली. "तुमचा आवाज इतका चांगला आहे की नटांकडं बघायचंच मी विसरून गेले."

सगळ्यांच्या आधी बोलला तो रामकिशन. मंडळाचा मुख्य नट, घरची बागायत सांभाळणारा शेतकरी, आणि खाजामियाँचा लहानपणापासूनचा दोस्त. "चालतंय की," तो म्हणाला. ते दोन शब्द खाजामियाँना फार लागले. निदान दोन घडी तरी थांबायचं होतं लेकानं, असं त्यांना वाटलं. वरून ते एवढंच म्हणाले, "हाव, बराबर हाय." आणि दुकान उघडायला गेले.

त्या दिवसापासून खाजामियाँ तालमीला गेले नाहीत, आणि रोज त्यांच्या दुकानात चहाला टेकणारा रामकिशन तिकडं फिरकला नाही. तोंड दाखवायची त्याला लाज वाटत असावी. दोघंही हट्टाला पेटलेले. मशीन चालवता चालवता खाजामियाँचा डोळा रस्त्याकडं जायचा आणि रस्ता रिकामा दिसायचा.

तालमीची खबर सिंधुनं आणली. सिंधु अंगणवाडीची सेविका, नाटकात रामकिशनची बायको व्हायची. ब्लाउज घ्यायला आली आणि दारातच बसकण मारली. "काय सांगू चाचा. पहिल्या अंकाच्या पुढं गाडी जाईना. वाक्य संपलं की समदे विंगेकडं माना करतेत. रामकिशनभाऊ तर टकामका बघून राहिलेत. मंडळ मोडतंय बगा आता."

खोटं कशाला बोला, खाजामियाँना बरं वाटलं. रात्री जेवताना त्यांनी चांदबीला रंगवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "खुश कशाला होता? मंडळ मोडल्यावर कुणाला प्रॉम्टिंग करणार? शेळीला?"

तिचं खरं होतं, तेच तर बोचत होतं.

दुसऱ्या दिवशी रामकिशन आला. स्टुलावर बसला, चहा सांगितला, आणि इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "खाजा, आसं कर. लातूरला काळ्या पडद्याच्या आड उभा ऱ्हा. बारीक आवाजात बोल. त्या मॅडमला काय कळतंय?"

मोह झाला. नाही म्हणायचं कारण नाही. पण खाजामियाँनी कैची खाली ठेवली. "तीस वर्षं छाती फुगवून बोललो. आता चोरून बोलू व्हय? न्हाई जमायचं." रामकिशनचं तोंड एवढंसं झालं. मग खाजामियाँ म्हणाले, "पर सांच्याला तालमीला येतो."

कपडा शिवताना आधी कच्चा टाका घालतात आणि पक्की शिलाई बसली की तो दोरा ओढून काढतात. खाजामियाँना दुसरी कुठली रीत ठाऊक नव्हती, त्यांनी तीच धरली. सुरुवातीला वाक्य पूर्ण सांगितलं. मग अर्धं. मग नुसता पहिला शब्द. मग तोंड नुसतं उघडायचे आणि आवाज काढायचे नाहीत. शेवटी शेवटी खुर्ची भिंतीकडं फिरवून पाठ करून बसू लागले. रामकिशन चिडायचा. "आरं बोल की." "तूच बोल," खाजामियाँ भिंतीला सांगायचे. नट रडकुंडीला आले, घरी जाऊन पुस्तकं घोकू लागले, आणि हळूहळू माना विंगेकडं वळायच्या थांबल्या.

हे सगळं होताना त्यांच्या जिवाला काय होत होतं ते कुणी विचारलं नाही. एकेक वाक्य गिळताना त्रास व्हायचा. तालीम सुटली की घरच्या वाटेनं ते गिळलेले सगळे डायलॉग मोठ्यानं म्हणत चालायचे, अगदी बाईचेसुद्धा. वाटेवरची कुत्रीही पुढं पुढं भुंकेनाशी झाली.

लातूरचा प्रयोग दुपारचा होता. खाजामियाँ चांदबीशेजारी पाचव्या-सहाव्या रांगेत बसले. हातात पुस्तक नाही, हात कुठं ठेवावेत ते कळेना. आपलंच नाटक ते पहिल्यांदा समोरून बघत होते. विंगेतून त्यांना कायम नटांचे कान दिसायचे, आता तोंडं दिसत होती. रामकिशन रडताना खालचा ओठ दाबतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

नाटक दोन भावांचं, सामाईक विहिरीवरून अबोला धरलेल्या. शेवटच्या प्रवेशात धाकटा दारात येतो आणि थोरला, म्हणजे रामकिशन, त्याला विहीर देऊन टाकतो. सगळं सुरळीत चाललं होतं. धाकटा आला, उभा राहिला, आणि रामकिशन थांबला. थांबला तो थांबलाच. त्याची मान सावकाश विंगेकडं वळली. तिथं कुणीच नव्हतं.

'बंधो, रक्ताच्या नात्यापुढे या जलाचे मोल ते काय?' वाक्य खाजामियाँच्या जिभेवर तयार होतं. नुसतं 'बंधो' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्या एका शब्दानं रामकिशन वाचला असता आणि मंडळ बुडालं असतं. ते खुर्चीतून अर्धे उठले. चांदबीनं सदऱ्याची बाही धरून खाली ओढलं.

"चुप बैठो जी."

ते बसले. दात दातावर घट्ट दाबून बसले. तिकडं स्टेजवर सिंधुनं हातातलं धुणं खाली ठेवलं आणि पुस्तकात कुठंच नाही असं काहीतरी बोलली. "बोला की, कारभारी. भाऊ दारात उभा हाय."

रामकिशननं धाकट्याकडं बघितलं. खालचा ओठ दाबला. आणि आपल्या घरात बोलावं तसा बोलला. "इहीर घे तू. समदी घे. पर बोलत जा रे माझ्याशी. लई दिस झाले, मला करमंना."

खाजामियाँना आधी धक्काच बसला. हे कुठं होतं? हे लिहिलंच नव्हतं. तीस वर्षांत ह्या मंडळाच्या तोंडून त्यांना आधी ठाऊक नसलेलं वाक्य कधी निघालं नव्हतं, आणि आज निघालं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि पुढचं नाटक त्यांना धड दिसलं नाही. टाळ्या झाल्या तेव्हा चांदबीनं त्यांना कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेरच्या पॅसेजमध्ये शिवांगी भेटली. पुढच्या महिन्यापासून शिकवायला माणूस घेऊन गावात येते, म्हणाली, तालमीला जागा बघून ठेवा. सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. रामकिशनच्या तोंडावरचा रंग तसाच, घाम गळत होता. गर्दीतून वाट काढत तो खाजामियाँजवळ आला.

"खाजा, ते पुस्तकातलं आठवलंच न्हाई बग. लई चुकलं का?"

"ठाऊक न्हाई बा," खाजामियाँ म्हणाले. "म्या काय ध्यान दिलं न्हाई. म्या नाटक बघून राहिलो होतो."

तीस वर्षांत रामकिशननं ह्या माणसाला एक गोष्ट कधी विचारली नव्हती, ती आता विचारली. "मग, कसं झालं?"

खाजामियाँनी खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. "लई चांगलं," ते म्हणाले. "तू थांबलास तवा पुढं काय होतंय मनून जीव नुसता टांगणीला लागला होता."