दगडीबाईचा चितकबरा मका

संघपाल जळगावच्या कॉलेजात शिकवायचा. यावलपर्यंत बसने आणि पुढे पायी असा तो सातपुड्याच्या पायथ्याला दगडीबाईच्या दारात पोचला आणि आढ्याला टांगलेली काळी, लाल, चितकबरी कणसं बघत उभाच राहिला.

दगडीबाईच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. तीन वर्षांमागे असाच एक गोडबोल्या तिच्या चवळीचं बियाणं घेऊन गेला होता. पुढच्या साली तीच चवळी भलत्याच नावाच्या चकचकीत पाकिटात बाजारात दिसली.

"चार कणसं द्या, अक्का. अभ्यास करायचाय."

"आठ रोजमा ये."

तो दिसेनासा होताच तिनं चूल पेटवली. चार कणसं वाफेवर धरली, मग उन्हात वाळवली. आता पेरली तरी मातीत कुजणार.

आठवड्यानं संघपाल आला. तिनं कणसांची पिशवी पुढे केली. ती हातात घेत त्यानं आधी खिशातला एक फोटो दाखवला. झोपडी, दारात बाया, वर रंगीत कणसांच्या माळा.

"हाई आमनं घर शे का?"

"नाही अक्का, मेक्सिको. समुद्रापलीकडे. मका यांच्याच पूर्वजांनी घडवला. एका रानगवताचे दाणे निवडत, पेरत, हजारो वर्षं. गोऱ्यांची जहाजं तिथं लागली त्याच्या कितीतरी आधी. चुन्याच्या पाण्यात दाणे शिजवून भाकरी करायचे. मका म्हणजे त्यांचा देव."

दगडीबाईचे डोळे बारीक झाले. "म्हनजे हाऊ मका आमना नई, आसं लिखशी?"

"त्यांनी घडवला, तुम्ही राखला. दोन्ही लिहीन."

"जहाजवाला मका लई गयात, तवय त्या बायास्ले इचारं का?"

संघपाल घुटमळला. "बहुतेक नाही, अक्का."

ती गोड उत्तराची वाट पाहत होती. हे तिला अनपेक्षित होतं. तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"हाई उगनार नई. मी वाफाडेल शे."

संघपालचा चेहरा उतरला. "इतका संशय?"

"अजून शे. मिरगमा ये. मन्हा वावरमा पेर, मोज, लिख. कनीस मातर डोंगर उतरनार नई."

मृगात तो खरंच आला. वही आणि मोजपट्टी घेऊन दिवसभर वाकून मातीत दाणे टोबत राहिला. दगडीबाई बांधावर बसून होती. संध्याकाळी तो निघाला तेव्हा तिनं त्याला भाकरी वाढली, पाणी दिलं, आणि खिसे उलटे करून दाखवायला लावले.