अर्ध्या तासाचा डॉक्टर

मी भित्रा डॉक्टर होतो. नाशिकरोडला माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. पाटीवर नाव यादव पगारे असलं, तरी लोक मला 'अर्ध्या तासाचा डॉक्टर' म्हणत. पेनिसिलिन द्यायचं असलं की मी आधी हाताच्या कातडीत त्याचा एक थेंब टोचायचो, भोवती पेनाने गोल काढायचो आणि पेशंटला अर्धा तास बाकावर बसवायचो. गोल लाल होऊन फुगला, तर पेनिसिलिन रद्द. पलीकडच्या गल्लीत एकजण डिग्रीशिवाय दोन मिनिटांत सुई मारून मोकळा व्हायचा. पगाऱ्यांकडे जाताना भाकरी बांधून न्या, अशी आमची थट्टा चालायची. चालू द्या म्हणायचो. ज्याचं तोंड दुधाने पोळलंय तो ताकही फुंकून पितो.

माझं तोंड पोळलं ते पेठकडच्या डोंगरात. तशी मला डॉक्टर व्हायची बुद्धी झाली त्याच्याही आधी, नांदगावजवळच्या आमच्या खेड्यात. तिथला डॉक्टर माझ्या आईला, विठाबाईला, लांबूनच 'जीभ दाखव' म्हणायचा आणि गोळ्या ओट्यावर ठेवायचा. आमच्या जातीच्या कुणाला हात कधी लावला नाही. माझे वडील शाळामास्तर होते. ते म्हणाले, "यादव, तू डॉक्टर हो. पण हात धरणारा हो." झालो. औरंगाबादला शिकलो, आणि पहिलीच नेमणूक डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात मिळाली. तिथे पुंजा नावाचा शेतकरी पायाला गळू घेऊन आला. मी त्याचा हात धरला, विचारपूस केली आणि पेनिसिलिन दिलं. आधी थेंब टोचून बघितलं नाही. घाई होती, आणि वय पंचवीस होतं. पुंजा हसत उठला आणि दारापर्यंत पोचायच्या आत कोसळला. पाच मिनिटांत सगळं संपलं. त्याच्या बायकोने, कुसाबाईने, मला शब्दानेही दोष दिला नाही. उलट मी जमिनीवरच बसलो ते पाहून तिनेच मला पाणी आणून दिलं. त्या पाण्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर बरोबरीचे पुढे शिकून मोठे सर्जन झाले. मी नोकरी सोडली आणि एकाहत्तर साली नाशिकरोडला दवाखाना टाकला. फॅमिली डॉक्टर होण्यामागे सेवाभाव वगैरे होता असं मी सत्काराच्या भाषणात सांगतो. खरं कारण भीतीच होतं. मला तीच तीच माणसं हवी होती. कुणाला दमा, कुणाला काय सोसत नाही, हे आधीच माहीत असलेली. ओळखीचा माणूस आपल्या हातून मरण्याची शक्यता कमी, एवढंच माझं तत्त्वज्ञान. म्हणून मी प्रत्येक घराचं एक पाकीट केलं. वर कर्त्याचं नाव, आत घरातल्या प्रत्येकाचं कार्ड. माझे कंपाउंडर सहादू ती पाकिटं देवाच्या पोथीसारखी जपत.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट. तापाची साथ होती, सकाळी अकराला बाहेर तीसेक माणसं. चतुराबाई नावाची चांदवडकडची एक बाई सुनेला घेऊन आत आली. मुलगा नाथा इथे कारखान्यात लागलेला, दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, सुनेचं नाव लता. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, अंगात सणसणून ताप. बोलायचं सगळं सासूने, कारण सुनेला घशातून आवाज निघत नव्हता आणि निघाला असता तरी तिने काढला नसता. मी टॉर्च मारून घसा पाहिला. दोन्ही बाजूंना पू.

"आधी कधी पेनिसिलिनची सुई घेतलीय हिने?" मी विचारलं. विचारलं ते सासूला.

"घेतलीय की, लय येळा. काय बी व्हत नाय तिला," चतुराबाई म्हणाली. असं म्हटलं की अर्धा तास वाचतो अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत होती. मी असल्या थापांना भुलणारा नव्हतो. सहादूंनी नवं कार्ड लिहिलं, मी सुनेच्या हातावर थेंब टोचला, गोल काढला आणि तिला बाकावर बसवलं. स्वतःवर खूश होतो. पुढचा पेशंट बोलावला.

त्याचं पोट तपासत होतो तेवढ्यात सहादू पडद्यातून आत आले. "डॉक्टर, ती सून अंग खाजवतीय. बघा जरा."

बाहेर गेलो तर तिचे ओठ सुजले होते. ती उभी राहू पाहत होती आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली बसत गेली. मी मनगट धरलं. नाडी लागेना. दुसरं मनगट धरलं. तिथेही नाही. घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तो बंद पडला तर काय, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. आम्ही दोघांनी तिला उचलून आतल्या टेबलावर घेतलं, पायांखाली उशी सारली. चतुराबाई दारातून ओरडत होती, "काय केलं माझ्या सुनंला? काय टोचलं?"

अशा वेळेला एकच औषध, ॲड्रिनॅलिन. कपाटात त्याचे दोन ॲम्प्यूल होते, काचेच्या बंद कुप्या. पहिला मी कापायला घेतला आणि घाईत इतका दाबला की तो बोटांतच फुटला. औषध टेबलावर सांडलं, त्यात माझं रक्त. सहादूंनी माझ्या हातातून कानस घेतली, दुसरा ॲम्प्यूल कापला, औषध उकळलेल्या सिरिंजमध्ये भरून ती माझ्या हातात दिली. आता हा डोस वाया गेला तर संपलं. मी निम्मं औषध तिच्या मांडीत दिलं आणि मानेवर बोट ठेवलं.

एक मिनिट गेलं. काही नाही. बाहेर तीस माणसं होती आणि कुणी खोकतही नव्हतं. मला पुंजा दारात पडलेला दिसत होता. अजून एक मिनिट. मी उरलेलं औषध दिलं, दुसरी दोन इंजेक्शनं दिली, आणि मनातल्या मनात त्या मुलीला म्हणत राहिलो, जाऊ नकोस बाई, जाऊ नकोस. मग बोटाखाली काहीतरी हललं. सुतासारखं बारीक, पण हललं. हळूहळू नाडी भरली, शिट्टी कमी झाली. मी स्टुलावर बसलो.

चतुराबाईला पाणी दिलं. भीती उतरली तसा तिचा राग चढला, आणि तो माझ्यावर नाही, सुनेवर.

"हिच्यात काही दोष हाय," ती म्हणाली. "माहेरच्यांनी लपवून गळ्यात मारली आमच्या. एका थेंबानं कुणी पडतं का असं? नाथाला सांगते, आजच्या आज पोचवून ये म्हणते."

"माहेर कुठलं हिचं?" मी विचारलं.

"आता भुसावळला. बाप रेल्वेत, बदली झाली. पण हिचा जल्म इथलाच. कोंडाजी निकमाची पोर. म्हणून तर हिनं मला इथं आणलं, दुसरीकडं जाईनाच."

मी पाकिटांच्या खणाकडे गेलो. निकमांचं पाकीट मी शोधलं तेव्हा सहादू माझ्याकडे बघत उभे होते. आत चार कार्डं. तिसरं झुंबर, वय आठ, सन त्र्याहत्तर. खाली माझ्याच अक्षरात, लाल शाईने, दोन रेघा ओढून लिहिलेलं: पेनिसिलिन कधीही देऊ नये. लग्नात मुलीचं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि कार्ड राहिलं बापाच्या पाकिटात.

पाकीट परत खणात टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगतो, टाकावंसं वाटलं. बाहेर बसलेल्यांनी हे ऐकलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नाशिकरोडला कळलं असतं, आणि काहीजणांनी माझं आडनाव मुद्दाम दोनदा उच्चारलं असतं. पण गप्प राहिलो तर ही मुलगी दोषी ठरून माहेरी जाणार, आणि उद्या एखादा घाईतला डॉक्टर तिला अख्खी सुई देणार. मी कार्ड घेऊन चतुराबाईसमोर उभा राहिलो आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"बाई, दोष सुनेत नाही. हे औषध तिला सोसत नाही, आणि ते मला अकरा वर्षांपासून माहीत होतं. हे बघा, मीच लिहिलंय. चूक माझी आहे. तिच्या आईबापांनी काही लपवलेलं नाही."

चतुराबाईने कार्डाकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण लाल शाई कळत होती. "मग तुमी पोरीचं तोंड बघितलं न्हाय का?"

"घसा बघितला," मी म्हणालो. "तोंड नाही."

तिने मला एक सणसणीत शिवी हासडली. मला बरं वाटलं. पुंजाच्या वेळची शिवी राहिलीच होती. मग ती सुनेजवळ गेली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि "गूळपाणी आणते" म्हणून बाहेर पडली. माहेरी पोचवायचं पुन्हा काढलं नाही.

पदर आता खाली सरकला होता. ओठ सुजलेले असूनही मला त्यात ती आठ वर्षांची मुलगी दिसली. मी नव्या कार्डावर लाल शाईने तेच वाक्य लिहिलं, आणखी एका चिठ्ठीवर लिहून तिच्या मुठीत दिलं.

"झुंबर," मी म्हणालो. "ही चिठ्ठी प्रत्येक डॉक्टरला दाखवायची. मलासुद्धा."

तिने मान हलवली.

"लहानपणी झालं होतं ते आठवत नव्हतं का तुला?"

"आठवत होतं की," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तोंड सुजलेलं माझं."

"मग बोलली का नाहीस गं? निदान हात तरी मागे घ्यायचास. भीती नाही वाटली?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारत होतो.

"दुसरीकडं असते तर वाटली असती, डॉक्टरकाका," ती म्हणाली.