सटवाजीचा साचा

ताडकळसच्या सटवाजीला बायकोची आठवण दिवसातून चाळीसदा यायची, कारण खिडकीच्या एका जाळीला चाळीस कोपरे असत. बोटभर रुंदीच्या लोखंडी पट्ट्यांना वेल्डिंग मारायचं तर एका माणसाचे दोन हात पुरत नाहीत. उरलेले दोन हात भिवराबाईचे असत. एका हातानं ती पट्टी सांडशीत काटकोनात धरी, दुसऱ्यानं अर्थिंगची तार पट्टीवर दाबी आणि तोंड फिरवून घेई. "धरली का?" "धरली." असा त्यांचा संसार.

पण तोंड फिरवलं म्हणून उजेड थोडाच फिरतो? चैत्रात तिचे डोळे सुजून लालभडक झाले. भाऊ मुंजाजी आला. "बहीण दिली दाजी, तिचे डोळे न्हाई दिले," म्हणाला आणि तिला पोखर्णीला घेऊन गेला. त्याचं म्हणणं खरंच होतं.

मग पठ्ठ्या हट्टाला पेटला. तिच्या हाताशिवाय काम जमलं, तरच तिला आणायला तोंड राहील. फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक लावून पाहिलं, तर ठिणगी भलतीकडंच पळू लागली. शेवटी एक जाड पत्रा घासून त्याचा गंज काढला आणि अर्थिंगची तार कायमची त्या पत्र्यालाच जोडली. काटकोनी गुण्या लावून त्यावर दोन लोखंडी अँगल पक्के केले. त्यांच्या कुशीत पट्ट्या ठेवायच्या, मागून पाचर ठोकायची, आधी वेल्डिंगचा नुसता टाका मारायचा, मग कोपरा पक्का जोडायचा, की झाला साचा. मध्ये नामांतराच्या दंगलीपायी एसट्या बंद झाल्या तेव्हा, खोटं कशाला, त्याला बरंच वाटलं. जायची भीती वाटत होती.

रस्ता सुरू झाला तशी त्यानं गाडी धरली. पोखर्णीत ओसरीवर मुंजाजीपुढं साच्यात केलेली चौकट ठेवली.

"आता कुणी धरायची गरजच न्हाई."

मुंजाजीनं कोपरा न्याहाळला. "लय झ्याक, दाजी. न्या तिला."

भिवराबाई दारात आली. डोळे निवळले होते. चौकटीवरून बोट फिरवत म्हणाली, "आपल्या दोघांची येवढी सरळ कवाच झाली न्हाई."

"तुला आता दुकानात पाऊलबी टाकायचं काम न्हाई. घरी बस आरामात."

"घरात तुमी जेवता अन् झोपता. माझ्याशी काय बोलायचात ते दुकानात. मला तितं बसायला लय आवडायचं."

सटवाजीनं घोकून आणलेलं सगळं मुंजाजीसाठी होतं, तिच्यासाठी काहीच नव्हतं. "तुझ्याबिगर करमत न्हाई," एवढंच तो कसाबसा बोलला.

"अन् करमत न्हाई मनून सहा महिने साचा करत बसलात." तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "तुमच्या डोळ्यापुढं काळी काच असती. तसलीच आजून एक आणावी, असं एकदाबी सुचलं न्हाई?"