आखाजीचं मूळ

"बस, पोरेहो! आते गायले सोडा. आज तीन जनसनी देखं, बाकीना परवा."

अभिमनने विद्यार्थ्याच्या हातातला थर्मामीटर काढून घेतला आणि पवळीच्या पाठीवर हात ठेवून तो आडवा उभा राहिला. मागच्या रांगेतला एक पोरगा कुरकुरला, "नाना, मना नंबर राह्यना!"

"तुना नंबर जाई, पन गायले ताप ई जाई," अभिमन म्हणाला. वर्ग हसत हसत पांगला.

धुळ्याच्या त्या शेतकी शाळेत गुरांवर शिकायचं, गुरांवरच प्रयोग करायचे. दात मोजायचे तर बैलाचे, ताप बघायचा तर गायीचा. तीस पोरं एकामागून एक एकाच जनावराला दाबून, चाचपून बघायची. त्या सगळ्यात गुरांचे हाल होऊ नयेत म्हणून गोठ्यावर एक माणूस नेमला होता, तो अभिमन. वर्गापुढे एक जनावर आज उभं राहिलं तर उद्या त्याला विसावा, हा नियम त्याचाच. साहेबांनीही तो मुकाट्याने मान्य केला होता. लिहिता न येणाऱ्या माणसाचा नियम सरकारी वहीत चढला, याचं शाळेत सगळ्यांना नवल वाटे. अभिमनला नवल वाटत नसे. गुराला बोलता येत नाही, म्हणून कुणीतरी बोलायला हवं, एवढं साधं गणित होतं त्याचं.

त्या साली, म्हणजे चौतीसच्या उन्हाळ्यात, शाळेत नवा प्रयोग लागला होता. पुण्याला शिकून आलेल्या लीलाधरमास्तरांना बघायचं होतं, की जन्मल्याबरोबर वासरू बाजूला केलं तरी आपल्याकडची गाय दूध देते का. साहेबांच्या देशात देतात म्हणे. पवळी व्याली त्याच दिवशी तिचं वासरू पलीकडच्या छपरात नेलं. त्याला बादलीतून दूध पाजायचं आणि मायलेकरांनी महिनाभर एकमेकांचं तोंड बघायचं नाही. मास्तर माणूस भला होता. त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, की गायीने दोन दिवस चारा सोडला तर प्रयोग बंद आणि वासरू आईकडे. चारा सोडला की नाही, हे रोज सकाळी अभिमनने सांगायचं आणि वहीत अंगठा उठवायचा.

पवळी दूध देत होती. पण फक्त अभिमनला. दुसऱ्या कुणी कासेखाली बसलं की दूध चोरून धरायची. अभिमन तिच्या मानेखाली खाजवत तिच्याशी काहीबाही बोलायचा, मग कुठे चरवीत धार वाजायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली तेव्हा सुनंदाचं कार्ड आलं. सुनंदा त्याची एकुलती एक लेक. आई गेल्यावर याच गोठ्यात लहानाची मोठी झालेली. मागच्या माघात तिला तिकडे एदलाबादला दिली होती. कार्ड गावच्या गुरुजीकडून लिहून घेतलं होतं. मास्तरांनी वाचून दाखवलं: "आबा, आखाजीला मूळ पाठवणे. मी गाठोडं बांधून ठेवते."

खानदेशात पोरीला दिवाळी एक वेळ चुकलेली चालेल, आखाजी नाही. त्या सणाला सासरवाशीण माहेरी येणारच. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मूळ म्हणतात. मुळाशिवाय पोरीने आपल्या पायांनी निघायचं नसतं. सुनंदाला भाऊ नाही, काका नाही. मूळ म्हणून जायला एकटा बाप.

"जा की नाना," मास्तर म्हणाले. "चार दिवस रजा घ्या."

"मंग पवळीनी धार कोन काढी?"

चार दिवस कास तुंबली तर गाय सुजून मरायची.

गोठ्यातला दुसरा गडी तोताराम संध्याकाळी विडी ओढत जवळ आला. "भो, इतला काय इचार करस? सकाय सांगी दे मास्तरले, गाय खात नही म्हनीसन. वासरू गायकडे जाई, तू पोरकडे जा. कोनं काय बिघडस?"

अभिमनने पवळीपुढे कडब्याची पेंढी धरली. त्याच्या मनातही तेच आलं होतं, आणि म्हणूनच त्याला राग आला. पवळी तर समोर कडबा खात होती. एवढी वर्षं त्याच्या शब्दावर जनावरं सुटत होती. एकदा शब्द खोटा पडला की पुढच्या गुराचं कोण ऐकणार?

"गाय चारा खास, ते खासच सांगसू," तो म्हणाला आणि उठला.

पण सुनंदा काही डोक्यातून जाईना. पाणी भरताना ती आठवे, आंबोण कालवताना आठवे. ती इथल्या गव्हाणीत निजायची, वासरांशी भांडायची, त्याच्या पायावर पाय ठेवून चालायची. घर इतकं गप्प झालं होतं, की संध्याकाळी चूल पेटवायचाही त्याला कंटाळा येई. तिला बघावंसं वाटत होतं, बस. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गव्हाणीत कडबा टाकतोय तोच वर्गातून बोलावणं आलं. बैल खाली पाडून दाखवायचा होता. तासाभराने परत आला तर कडबा जसाच्या तसा. पवळी पलीकडच्या छपराकडे तोंड करून उभी होती. अभिमनने पेंढी उचलून तिच्या तोंडाशी धरली. ती खाऊ लागली. त्याने हात मागे घेतला, ती थांबली. पुन्हा धरला, पुन्हा खाल्लं.

तो तिथेच खाली बसला. वासरू नेलं त्या दिवसापासून तो तिला हाताने भरवत होता. तिची दया आली म्हणून पहिल्या दिवशी भरवलं, मग हाताला तीच सवय लागली. आणि रोज सकाळी अंगठा उठवून सांगत होता, गाय खाते. तिच्या मायेपोटी त्याने तिचंच दुःख झाकून ठेवलं होतं.

तसाच उठून तो मास्तरांकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला. हे आपल्याला आजच कसं दिसलं? पोरीकडे जायची ओढ आहे म्हणून तर दिसत नाही ना? स्वतःवरचाच त्याचा विश्वास उडाला. तो परतला. ठरलेले दोन दिवस पुरे करायचं त्याने ठरवलं. कडबा गव्हाणीत टाकायचा आणि लांब व्हायचं.

ते दोन दिवस त्याला फार जड गेले. पवळी त्याच्याकडे बघून हंबरायची आणि हा खांबाआड हात काखेत दाबून उभा. आणि तिकडे आखाजी एकेक दिवसाने जवळ येत होती. दूध आटत आटत निम्म्यावर आलं. कडब्याला तिने तोंड लावलं नाही.

तिसऱ्या सकाळी तो मास्तरांपुढे उभा राहिला. "मास्तर, मनी चूक झायी. गाय खाये ती मना हातमाईन. गव्हाणमा टाकेल खात नही. दोन दिन देखी लिधं."

मास्तरांनी वहीची मागची पानं उलटली. "मग इतके दिवस लिहिलं त्याचं काय करू, नाना?"

"लिखा, अभिमननी खवाडी. मना अंगठा घ्या."

मास्तरांनी त्याचा अंगठा घेतला. मग स्वतःच उठून छपराकडे गेले आणि वासरू सोडलं. पवळीने त्याला चाटून चाटून ओलं केलं. पण वासराला आईला लुचता येईना. ते कासेला ढुशी मारायचं सोडून बादली शोधत फिरे. तोताराम म्हणाला, तू नीघ, शिकेल ते. अभिमनचा पाय निघेना. दोन दिवस तो वासराचं तोंड आचळाला लावत बसला. ते लुचायला लागलं, पवळी पान्हावली, तोतारामलाही धार देऊ लागली, तेव्हा कुठे त्याने धोतर बदललं.

धुळ्याहून चाळीसगाव, तिथून भुसावळ, पुढे मोटार, शेवटी पायी. एदलाबादला पोचला तेव्हा आखाजीचाच दिवस उजाडून दुपार झाली होती.

ओट्यावर सुनंदाची सासू सुमनबाई बसली होती. तिने घाईने पाट दिला. "या, व्याही. लय उशीर केला तुम्ही. चार दिवस दारात बसे पोरगी, गाठोडं घेऊन. परवा आमची लेक बेबाबाई माहेरी आली, मंग सुनंदानंच गाठोडं सोडलं. आता सनाच्या दिशी सून घराभायेर कशी धाडू?"

त्यात काही वावगं नव्हतं. अभिमनने मान खाली घातली.

सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. हाताला पीठ लागलेलं, डोक्यावर पदर. पाया पडली. "आबा, ई गयात?"

"उशीर झाया बेटा."

"गोठामा बठ्ठा बरा शेतस ना?" तिने गोठ्यातल्या सगळ्यांची खुशाली विचारली.

"बठ्ठा बरा शेतस," तो म्हणाला. रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलणं तसंच ठेवून त्याने तांब्या तोंडाला लावला. लेकीने आधी का आला नाहीत म्हणून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं नाही.

समोरच्या निंबाला झोके बांधले होते. गावात माहेरपणाला आलेल्या पोरी त्यावर गाणी म्हणत होत्या. झोका लेकीचा, सुनेचा नाही. सुना घरात रांधतात. सुनंदा तांब्या घेऊन वळली आणि उंबऱ्यात एक क्षण थांबली. पाठ बापाकडे, तोंड निंबाकडे. सुमनबाईने ते पाहिलं. तिच्या बेबाबाईच्याही तीन आखाज्या अशाच सासरी गेल्या होत्या.

"जाय व सुनंदा," ती म्हणाली. "बस एक डाव. तुया बाप आला."

"मी? आठे?"

"जाय म्हनते ना."

बेबाबाईने झोका रिकामा केला. सुनंदा दबकत गेली, पदर दातांत धरून फळीवर बसली. सासरच्या गावात झोक्यावर सून, म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. झोका द्यायला कुणी पुढे येईना. मग अभिमन ओट्यावरून उठला. पागोटं सारखं केलं, लेकीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दोर मागे ओढून हलकेच सोडला.

ती वर गेली. दुसऱ्यांदा त्याने जरा जोर लावला. तिसऱ्यांदा ती परत आली तेव्हा तिने पाय टेकले. "बस आबा," ती म्हणाली. "भाकरी टाकानं राह्यनं." आणि पदर सावरत घरात गेली.