मेजूचा वास आणि माझा धूर

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. परसातला, तांब्याचा, लाकडं खाणारा नव्हे. सुवॉन शहरातल्या टेकडीवरच्या एका घरात, तळमजल्याच्या मागच्या गॅलरीत भिंतीला टांगलेला, गॅसवर चालणारा. तापलेलं पाणी मी जमिनीखालच्या नळ्यांतून घरभर फिरवायचो. माझ्या ऐन तारुण्यात जमीन अशी तापायची, की शेजारच्या कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

मग हे घर ह्वांग ब्योंग-दोनं घेतलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. आपण वर राहायचं, खालचं घर भाड्यानं द्यायचं, असा त्याचा बेत. पहिलंच घर, पहिलाच भाडेकरू, त्यामुळे हौस दांडगी. भिंतींना नवा कागद लागला, दारांना रंग लागला.

त्याची बायको सुन-रे म्हणाली, "अहो, आधी बंब कुणाला तरी दाखवा. धुराची नळी कशी लटपटतेय बघा."

"भाडेकरू भिंती बघतो गं! त्याला काय बंबाशी लग्न करायचंय?"

मला ते फार लागलं.

भाड्यानं ओक-बुन आजी आली. एकटी आणि जिभेची तिखट. रिवाजाप्रमाणे सामानाआधी भाताचा कुकर घरात नेला आणि राहू लागली. थंडी पडताच तिनं वर हाक मारली, "मालक, गॅलरीतून वारा येतोय! हाडं वाजतायत माझी!"

ब्योंग-दो फुगेवालं प्लास्टिक घेऊन आला. थंडीत सगळी गल्लीच ते खिडक्यांना लावते. यानं मात्र खिडकीबरोबर हवेची जाळीही झाकली आणि वरून चिकटपट्टी मारली. "घ्या आजी. आता मुंगीसुद्धा आत यायची नाही!"

मुंगीबरोबर हवाही यायची थांबली.

मग आजीनं सोयाबीन उकडून कुटलं आणि त्याचे विटांएवढे ठोकळे केले. हाच तो मेजू. वर्षभराचा सोया सॉस यातूनच होतो. तो उबेला टांगून ठेवतात. घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे मी! आजीनं गवताच्या दोरीनं सगळे ठोकळे माझ्या धुराच्या नळीलाच टांगले. आधीच लटपटणारी ती नळी सांध्यातून निसटली.

मित्रांनो, इथे माझी थट्टा संपली. बाहेर जायचा धूर गॅलरीत साचू लागला आणि दाराच्या फटीतून खोलीत शिरू लागला. त्यातल्या विषाला ना रंग, ना वास. मेजूला मात्र असा वास, की पाहुणा उंबऱ्यावरूनच परत फिरावा.

दोन दिवसांनी आजीनं मालकाला खाली बोलावलं. "डोकं ठणकतंय रे. मळमळतंय."

"या ठोकळ्यांशेजारी घोडा बांधला तर तोही आजारी पडेल, आजी! नव्या कागदाला वास लागला. काढा ते आधी."

"माझ्या मेजूला नावं ठेवतोस? बाजारात गेले की मी ठणठणीत असते. तुझ्या घरालाच काहीतरी झालंय!"

"घराला? भिंती बघा, नव्या नवरीसारख्या आहेत!"

त्याची नजर माझ्यावरून नुसती सरकली. तो तणतणत गेला. आजीनं रागारागानं ऊब वाढवली आणि पांघरूण ओढून पडली. बटण दाबलं की पेटायचं, एवढंच मला येतं. मी पेटलो. काय करतोय ते मला कळत होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

वर काय घडलं, ते सुन-रेनं नंतर गल्लीभर सांगितलं. जेवताना ब्योंग-दो हसत म्हणाला, "म्हणे घरात डोकं दुखतं, बाजारात बरं वाटतं! नाटकं नुसती."

सुन-रेच्या हातातल्या जेवायच्या काड्या गळून पडल्या. लहानपणी तिची थोरली बहीण कोळशाच्या धुरानं झोपेतच गेली होती. "बाहेर बरं वाटतं? अहो, मग मेजू कसला, धूर आहे तो! उठा!"

दोघं खाली धावले. आजीच्या दाराला आकड्यांचं कुलूप. "आजी! ओ आजी!" आतून हूं नाही की चूं नाही. ब्योंग-दो अनवाणीच मागे धावला. लोणच्याच्या रांजणावरचा दगड उचलून त्यानं गॅलरीची खिडकी फोडली, पण त्याचंच प्लास्टिक काचेला धरून बसलं. त्याची स्वतःची चिकटपट्टी त्याला सुटेना! नखांनी ओरबाडून त्यानं ती फाडली, आत हात घालून कडी काढली, उडी मारून माझा गॅस बंद केला आणि आजीला ओढत बाहेर बर्फात आणलं.

"आजी, श्वास घ्या! शिव्या द्या मला, काहीही करा!"

आजी निपचित. सुन-रे तिचे गाल चोळत राहिली. कितीतरी वेळानं आजीचे ओठ हलले.

"मेल्या... मेजूवर काच पाडलीस ना?"

ब्योंग-दो तिथंच बर्फात बसून ढसाढसा रडला.

दवाखान्यातून आजी बरी होऊन आली. आता तिथे नवा बंब आहे, पक्की नळी आहे, विषारी धुराची सूचना देणारी घंटा आहे. मी गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची वाट बघतोय.

मित्रांनो, मोठेपणी घर भाड्यानं द्याल, तेव्हा भिंती शेवटी सजवा. आधी आमच्याकडे या, अंधाऱ्या कोपऱ्यातल्यांकडे. भाडेकरू आला, की काय झाकायचं नाही आणि कशाला काही टांगायचं नाही, ते त्याला दाखवा. आणि 'घरात बरं वाटत नाही' असं तो म्हणाला, तर भांडण नंतर करा. आधी खिडकी उघडा.

काल ब्योंग-दो दुसरं घर बघून आला. सुन-रेनं गल्लीच्या तोंडाशी, माझ्यासमोरच, मुद्दाम विचारलं, "काय हो, भिंती कशा आहेत?"

"भिंती?" तो गोंधळला. "अगं, त्या बघायच्या राहिल्याच."

त्याच्या नाकाच्या शेंड्याला काजळी लागली होती.