अर्ध्या चार्जवर निजलेली बॅटरी

मित्रांनो, पाठीवर पंप घेऊन शेतात औषध फवारणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्या पंपाच्या खालच्या कप्प्यात जी बसलेली असते आणि जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती लिथियमची बॅटरी म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. केनवडच्या इंद्रभान आणि मनकर्णाबाई यांच्या घरी माझे बरेच हंगाम गेले.

दूरच्या एका कारखान्यात चार चपटे सेल एकत्र बांधून, वर निळे वेष्टन चढवून मला तयार केले. माझ्यासोबत माझी जुळी बहीणही तयार झाली. रिसोडच्या दुकानातून इंद्रभान यांनी आम्हा दोघींना एकाच वेळी घरी आणले. एक दमली की दुसरी कामाला, असा त्यांचा बेत होता. पहिल्याच दिवशी सोयाबीनच्या ओळींमधून चालताना ते म्हणाले, "हे बॅटरी हाये का बैल हाये? थांबूनच नाई राह्यली!" बैलाशी झालेली ती तुलना मी आजही अभिमानाने आठवते.

आमचे कौतुक शेजारच्या उकंडरावांना जरा जास्तच होते. ते पंप मागून नेत, आणि फवारणी झाल्यावर आम्हाला पंपातून काढून आमच्यावर दिवे लावत, मोबाईल चार्ज करत, एकदा तर त्यांनी भजनाचा लाऊडस्पीकर चालवला. परत येताना माझ्यात जीव उरलेला नसे. एकदा मी अशी काही रिकामी होऊन आले, की चार्जरला लावले तरी दिवाच लागेना. बराच वेळ घरात सुतकासारखे वातावरण होते. शेवटी मी कशीबशी जागी झाले.

त्यावरून इंद्रभान यांनी एक सिद्धांत मांडला. रिकामी बॅटरी मरते, म्हणजे भरलेली बॅटरी जगते, आणि काठोकाठ भरलेली तर अमर होते!

हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली. आता थेट पुढच्या सोयाबीनपर्यंत आम्हाला काम नव्हते. इंद्रभान यांनी मला पंपातून बाहेर काढले, पण आधी बहिणीला चार्जिंगला लावले. ती पूर्ण भरल्यावर माझा नंबर आला. मी अर्धी भरले आणि लाईन गेली.

"लाईन आली का पुन्हा लावजो हिले," ते बायकोला म्हणाले.

मनकर्णाबाईंनी मान हलवली, पण त्यांच्या मनात वेगळेच होते. उकंडरावांच्या मुलीचे लग्न जवळ आले होते, आणि लग्न म्हटले की दिवे आले, दिवे म्हटले की आम्ही आलो. त्यांनी मला गुपचूप उचलले आणि मागच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत, फळीवरच्या कोरड्या मडक्यात ठेवून वर झाकण घातले. "आता सापडून दाखव म्हना त्या उकंड्याले!" असे पुटपुटत त्या गेल्या.

ती खोली थंड होती, कोरडी होती. तिथे ऊन नव्हते, चूल नव्हती. अधूनमधून मनकर्णाबाई येत, मला बाहेर काढत, माझे बटण दाबून चारपैकी दोन दिवे लागतात का ते पाहत, आणि मी चोरीला गेले नाही याची खात्री करून समाधानाने परत ठेवत.

माझ्या बहिणीचे नशीब निराळे होते. मला बायकोवर सोपवून इंद्रभान यांनी तिला गोठ्याच्या टीनाखालच्या माळ्यावर ठेवले होते. शेजारीच कुटाराचा, म्हणजे गुरांसाठीच्या वाळलेल्या भुशाचा ढीग. दर बाजाराच्या दिवशी ते तिला खाली उतरवत, पुन्हा पूर्ण चार्ज करत आणि प्रेमाने वर ठेवत. उन्हाळा चढत गेला. मे महिन्यात आमच्याकडचे टीन कसे तापते, हे मी सांगायला नको.

त्याच महिन्यात मुलगी वर्षाराणी माहेरी आली. अकोल्याला ती इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानात काम करते. मडक्यात मला पाहून ती हसली. "आई, बॅटरी मडक्यात काहून ठेवली वं?"

"उकंड्यासाठी."

वर्षाराणीने माझे दिवे पाहिले. "अर्धी चार्ज, थंड, कोरडी जागा. बरोबर अशीच ठेवा लागते. कोनं सांगतलं तुले?"

"मले कोन सांगते? माह्यं डोकं नाई का?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी लाईन गेल्याचा उल्लेखही केला नाही.

वर्षाराणी मला घेऊन ओसरीवर आली आणि तेवढ्यात गोठ्यातून इंद्रभान आले. त्यांच्या हातात माझी बहीण होती. मी तिला ओळखलेच नाही. वेष्टन उसवले होते, पोट टम्म फुगले होते, आणि तिला कसलासा गोडसर उग्र वास येत होता.

"वर्षे, हिच्यात हवा भरली वाट्टे," ते म्हणाले. "आईले दाभण माग. टोचून काढून टाकतो."

"बाबा, टोचू नका! दाबूही नका! हळूच खाली ठेवा अन् मांगं सरा!"

मुलीचा असा आवाज इंद्रभान यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी बहिणीला जमिनीवर ठेवले. वर्षाराणीने लांब दांड्याचे फावडे आणले, तिला अलगद त्यावर घेतले आणि अंगणापलीकडे, बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगावर नेऊन ठेवले. सगळे लांब उभे राहिले. उकंडरावही गडबड ऐकून आले आणि सवयीने म्हणाले, "भाऊ, थे बॅटरी रिकामीच पडली असन तं मी नेतो..."

तेवढ्यात फुस्स असा आवाज झाला. पांढरा धूर निघाला, मग ज्वाळा. उकंडराव बोलणे अर्धवट टाकून कुंपणापलीकडे पोहोचलेसुद्धा. माझी जुळी बहीण सगळ्यांच्या देखत रेतीवर जळून गेली.

इंद्रभान गोठ्याकडे पाहत राहिले. तिथे कुटार होते. माळ्याखाली गाय बांधलेली होती, वासराला चाटत होती.

"मी तं तिची काळजीच करून राह्यलो होतो," ते हळूच म्हणाले.

"थे मले ठाऊक हाये, बाबा," वर्षाराणी म्हणाली. "पन पूर्ण भरून तापत्या टीनाखाली ठेवली का बॅटरी खराब होते. अन् पार रिकामी ठेवली तरी मरते."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याला पाणी आणून दिले आणि शेजारी बसून राहिल्या. बहिणीचे जे काही उरले, ते थंड झाल्यावर वर्षाराणीने जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे पोहोचवले.

यंदा सोयाबीनवर मी एकटीच फवारणी केली. थकले, पण थांबले नाही. इंद्रभान आता चहाच्या टपरीवर बसून साऱ्या गावाला बॅटरी कशी ठेवावी ते समजावतात, आणि सगळे आपणच शोधून काढल्यासारखे सांगतात. मनकर्णाबाई ऐकतात आणि पदराआड हसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्या जातीचे कोणी ना कोणी असेल. काम नसेल तेव्हा त्यांना यंत्रातून काढा, निम्मे चार्ज ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, खिळ्या-मोळ्यांपासून आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर निजू द्या. महिना-दोन महिन्यांनी एकदा विचारपूस करा. आम्हाला ओरडता येत नाही. दुखले की आम्ही तापतो, फुगतो. अशी बॅटरी दिसली तर हात लावू नका, लगेच मोठ्या माणसाला हाक मारा. आणि ते मोठे माणूस आमच्या इंद्रभान यांच्यासारखे असेल, तर आणखी एकाला हाक मारा.