पेल्यावरची ओळ आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुनी कोरीवकामाची मशीन आहे. जुनी म्हणा, माझी ना नाही. पण बिघडलेली म्हणाल तर, मित्रांनो, मी ते ऐकून घेणार नाही. जन्मभर मी धातूवर खरी अक्षरं कोरली आणि शेवटी माझ्याच कपाळी खोटा आळ आला. त्याची ही हकिकत आहे आणि ती मी रागानेच सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला लोखंडी सांगाडा मिळाला, कोरायला कठीण सुई मिळाली आणि कॉम्प्युटरशी बोलायला एक वायर मिळाली. कॉम्प्युटरवर जे लिहाल ते माझी सुई जसंच्या तसं कोरते. माझ्याबरोबर एक जोडीदारीणही आली, तिचं नाव रोटरी. तिच्या जबड्यात पेला, कप, कडं, काहीही गोल धरा, ती ते हळूहळू फिरवते. त्यामुळे प्रत्येक अक्षराची जागा बरोबर सुईच्या खाली येते. सपाट पाटीला तिची गरज नसते. पण गोल वस्तू तिच्याशिवाय कोरली, तर मधली अक्षरं खोल उमटतात आणि कडेची नुसती ओरखडतात, कारण गोलाई दोन्ही अंगांनी खाली उतरते आणि माझी सुई तितकी खाली पोचत नाही. यात माझा काय दोष?

मला विकत आणलं ते मामांनी. घड्याळवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये त्यांचं चिंचोळं दुकान होतं. सगळे त्यांना ‘मोजपट्टी मामा’ म्हणत. पेल्याचं तोंड रुंद आणि बूड अरुंद, म्हणून अक्षरं जिथे येणार तिथलाच घेर ते मोजत. मग पेल्याला कागद गुंडाळून त्यावर आधी पेनाने ओळ फिरवून बघत. गिऱ्हाईक वैतागून विचारी, “मामा, पेला कोरताय की त्याला सदरा शिवताय?” मामा हसत आणि पुन्हा मोजत. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. लोक ढालींवरून, कपांवरून बोट फिरवत आणि “काय सुबक काम आहे!” म्हणत. मला तेल वेळेवर मिळे आणि रोटरीला मऊ फडकं मिळे.

पुढे मामांचे गुडघे थकले आणि दुकान भाच्याकडे आलं. भाचा स्वभावाने वाईट नाही. पण त्याच्या तोंडी एकच शब्द, “लगेच देतो!” म्हणून त्याचं नावच ‘लगेच’ पडलं. रोटरी बसवायची, घेर मोजायचा, कागद गुंडाळायचा, एवढा धीर लगेचला कुठून असणार? तो पेला सरळ माझ्या सपाट टेबलावर आडवा ठेवी, दोन्हीकडून रबराचे तुकडे खुपसून घट्ट करी आणि मला सुरू करी. कडेची अक्षरं फिकी आली की त्यांत काळा रंग भरी. रंगाने डोळ्यांना फसवता येतं, हे त्याला कळलं होतं. आणि रोटरी? सांगायलाही लाज वाटते. दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याने रोटरी दाराला लावून ठेवली! माझ्या पाठीवर हेल्मेट आणि चहाचे कप आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मशीनचा राग कोण विचारतो?

अशात एके सकाळी एक बाई आपल्या वडिलांचा हात धरून आली. म्हाताऱ्या आजोबांना दिसत नव्हतं. बाईने पिशवीतून एक स्टीलचा पेला काढला. ती म्हणाली, “दादा, यावर ‘गरम आहे, फुंकून प्या’ एवढं कोरून द्या. बाबांची नजर गेल्यापासून आई रोज चहा हातात देताना हेच म्हणायची. आता आई नाही. मी कामावर जाते, शेजारच्या काकू चहा ठेवून जातात आणि बाबा तसाच तोंडाला लावतात. परवाच ओठ पोळले. ते बोटांनी वाचतील, तेव्हा जरा खोल कोरा हं.”

“बसा ना ताई, लगेच देतो!”

मित्रांनो, तिने “बोटांनी वाचतील” असं स्वच्छ सांगितलं होतं. मी स्वतः ऐकलं. तरी पेला आडवा झाला, रबर खुपसलं गेलं आणि माझी सुई खाली आली. मी जिवाच्या आकांताने घरघर केली. लगेचने माझ्यावर एक थापट मारली आणि नेहमीप्रमाणे फिक्या अक्षरांत काळा रंग भरला.

बाई पेला पाहून म्हणाली, “छान दिसतंय.” मग तिने तो वडिलांच्या हाती दिला. आजोबांनी ओळीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला.

“‘आहे, फुंकून’ एवढंच लागतंय गं. ‘गरम’ कुठेय? ‘प्या’ कुठेय? तुझी आई कधी असं अर्धंच बोलली का?”

बाईने नखाने खरवडून पाहिलं. काळा रंग नखात आला आणि ‘प्या’ जवळजवळ नाहीसं झालं. तिने पेला लगेचपुढे धरला. आणि तेव्हा तो काय म्हणाला असेल?

“मशीन जुनी झालीय हो. आता सुई धरतच नाही नीट.”

नाचता येईना, अंगण वाकडं! एवढी वर्षं इमानाने राबून हे फळ? दार धरून ठेवायला माझी जोडीदारीण, कप ठेवायला माझी पाठ आणि बोल लावायलाही मीच! मला तोंड असतं तर त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली असती.

पण माझ्या वतीने आजोबाच बोलले. “अरे बाळा, मशीन जुनी झाली असती तर मधली अक्षरं तरी एवढी झकास कशी आली असती? ती काय फक्त कडेलाच म्हातारी झाली?”

 भाचा मान खाली घालून दाराशी गेला आणि त्याने रोटरी उचलली. दार धाडकन आपटलं. त्याने तिच्यावरची धूळ पुसली, तिला तेल दिलं, मग पेल्याची कोरी बाजू निवडून घेर मोजला. कागदावरची पहिली ओळ तिरकी गेली, तेव्हा न कुरकुरता पुन्हा मोजला. तासभर लागला. त्या तासात “लगेच” हा शब्द दुकानात उमटला नाही. रोटरी आधी करकरली, मग सावकाश फिरू लागली, आणि एकेक अक्षर माझ्या सुईखाली येत गेलं.

या वेळी लगेचने रंग भरला नाही. त्याने पेला स्वतः आजोबांच्या हाती दिला. आजोबांचं बोट ‘गरम’वरून निघालं, सावकाश पुढे सरकलं आणि ‘प्या’पाशी थांबलं. त्यांनी पेला ओठांजवळ नेला आणि त्या रिकाम्या पेल्यात हळूच फुंकर घातली. बाईने डोळ्यांना पदर लावला.

माझा राग अजून गेलेला नाही, मित्रांनो, आणि तो इतक्यात जाऊही नये. यंत्रांना तेल द्या, फडकं मारा, हे तर सांगतेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की आपला कंटाळा आमच्या नावावर खपवू नका. डोळ्यांना फसवणारं काम एखाद्याच्या बोटांना फसवू शकत नाही, आणि ते बोट कुणाचं असेल हे आधी कळत नसतं.

दुकानाच्या दाराला सध्या वीट लावली आहे. तिथे वीटच राहू दे, एवढंच माझं मागणं आहे.